कस

ठाकुरद्वारला आमच्या काउंटरवर
रेवणकर काकांनी गोळ्यांची पट्टी ठेवली,
उलटी, चंदेरी बाजू वर,
आणि म्हणाले, पोरी, तुमचा माल खोटा आहे.

मागे दोन गिऱ्हाइकं. एकाला खोकला.
काय झालं, काका?
झालं असं की शशिकलाबाई
मोरीच्या उंबऱ्याशी नुसत्या टेकल्या
आणि मनगट मोडलं.
नुसत्या टेकल्या, हे ते दोनदा म्हणाले.
डॉक्टरांनी रोजचं हजार सांगितलेलं.
पट्टीवर छापलंय साडेबाराशे.
म्हणजे एका गोळीत हजार, वर अडीचशे शिल्लक.
आठ महिने रोज एक, रात्री जेवणावर,
एकही दिवस खाडा नाही.
मग?

मी पट्टी ट्यूबलाइटखाली धरली.
साडेबाराशेच्या पुढे अजून एक ओळ असते,
मुंग्या चालल्यासारखी.
काकांनी खिशातून भिंग काढलं,
दोरा ओवलेलं, डोळ्यात बसवलं.
चाळीस वर्षं झवेरी बाजारात, मागच्या गाळ्यात,
ह्याच भिंगातून त्यांनी
दुसऱ्यांच्या आयांचे डाग तपासले होते.
कॅल्शियम कार्बोनेट साडेबाराशे मिलिग्रॅम,
एलिमेंटल कॅल्शियम पाचशेच्या बरोबर.
वाचलं. परत वाचलं.

म्हणजे हे वजन सगळं धरून. कस वेगळा.
हो.
हजाराला चारशे.
हो.
साडेनऊ कॅरेट!
मी मोबाइलवर करून पाहिलं. साडेनऊच, किंचित वर.

खोकलेवाला म्हणाला, मॅडम, जरा आटपा.

आणि ती डबी? तिच्यावर हजार आहे.
ते सायट्रेट, काका. त्यात दोनशेदहा.
पाच कॅरेट! आणि वर महाग?
पोटाला सोसतं. ॲसिडिटीची गोळी चालू असली तरी लागू पडतं.
घडणावळ, म्हणाले. बरं. घडणावळ समजू शकतो.
पण मग शुद्धच का नाही विकत तुम्ही?
शुद्ध कॅल्शियम हा धातू, मी म्हटलं,
पाणी लागलं की फसफसतो, गोळी कसली करणार त्याची.
काका थांबले. भिंग डोळ्यातच होतं.
चोवीसची बांगडी होत नाही, ते स्वतःशी म्हणाले,
तांबं घालावंच लागतं.

मग भिंग काढून ते धोतराच्या सोग्याला पुसत राहिले,
पुसण्यासारखं काही नसताना.
लोकांना सांगत आलो जन्मभर,
वजनावर जाऊ नका, कस बघा.
आणि घरात, पोरी, मी वजन बघितलं.
प्लास्टरच्या आधी हात सुजला होता,
बांगडी निघेना. वॉर्डबॉयने कापली.
लग्नातली. माझ्याच हातची.
दोन तुकडे कागदात बांधून दिले त्याने,
वजन करून घ्या म्हणाला.

मी काय बोलणार.
आठ महिने दर महिन्याला तीन पट्ट्या
मीच दिल्या होत्या, दहा टक्के कमी करून,
रबर लावून, सुट्टे मोजून.
कितीदा घेता, असं एकदाही विचारलं नव्हतं.

म्हटलं, सकाळी एक, रात्री एक, एकदम दोन नकोत,
एका वेळी पाचशेच्या वर अंगी लागत नाही नीट.
पण आधी डॉक्टरांना विचारून या,
त्या हजारात दूध, नाचणी धरली आहे का.
नाचणी, ते म्हणाले, तिचा कस कोण काढणार.

जाताना त्यांनी माझं पेन मागितलं.
पट्टी पालथी घालून, प्रत्येक गोळीच्या पाठीवर,
कागद फाटू न देता,
बारीक, ठसा मारल्यासारखं लिहिलं: ४००.
पंधरा वेळा.
खोकलेवालासुद्धा वाकून बघत राहिला.